आधी तू पी

माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात एचआरचे साहेब म्हणाले, ओव्हाळ मॅडमनी सत्तावीस वर्षं पर्यावरणाची सेवा केली. मी पहिल्याच रांगेत बसले होते. हरकत घ्यावी असं वाटलं, हातही थोडा वर गेला होता, पण तेवढ्यात समोसे आले आणि सगळ्यांचं लक्ष उडालं. मग मला आठवण म्हणून एक छोटं झाड दिलं. प्लास्टिकचं. ‘याला पाणी घालावं लागत नाही मॅडम,’ असं देणाऱ्याने आवर्जून सांगितलं. राहिलेली हरकत मी या दिवाळी अंकात घेते. इथे समोसे येण्याची भीती नाही.

माझं काम ईटीपीवर होतं. ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी स्वच्छ करायचा प्लांट. आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. आधी भोसरीत होती, नंतर चाकणच्या पट्ट्यात निघोज्याला आली. रिसेप्शन पुढच्या दाराशी असतं आणि ईटीपी मागच्या भिंतीशी. पाहुण्यांना सगळी कंपनी दाखवून झाली आणि वाऱ्याची दिशा बरी असली, तर शेवटी ईटीपी. पेंटशॉपचं, धुलाईचं, कँटीनचं, संडासांचं असं सगळं पाणी माझ्याकडे यायचं. त्यामुळे कुठल्या खात्यात काय गोंधळ झालाय हे त्यांच्या साहेबांच्या आधी मला कळायचं. माणसं लपवतात, पाणी चहाडी करतं.

नोकरी लागली तेव्हा वडिलांनी विचारलं, “काम काय?” वडील मराठवाड्यातून येऊन पिंपरीच्या एका कारखान्यात चिकटलेले, आम्ही संत तुकाराम नगरात वाढलो. मी म्हटलं, “घाण झालेलं पाणी साफ करायचं.” ते म्हणाले, “तुझ्या आजीला गावच्या विहिरीची पायरी चढू देत नव्हते. पाणी बाटतं म्हणायचे. लांब घागर ठेवून उभं राहायचं, कुणाला दया आली तर ओतणार.” आणि वर म्हणाले, “नीट कर काम.” वडिलांनी मला जन्मात एवढा एकच उपदेश केला, आणि तो मी एकदा मोडला. त्याचीच ही हकिगत आहे.

लोकांना वाटतं पाणी मशीन साफ करतं. मशीन फक्त आवाज करतं. साफ जंतू करतात. एक मोठी टाकी असते, खालून हवेचे बुडबुडे सोडलेले असतात, आणि वरून जो तपकिरी गढूळपणा दिसतो ते सगळे जंतूच. सांडपाण्यातली घाण हे त्यांचं जेवण. ते खातात, वाढतात, एकमेकांना चिकटून तळाशी बसतात आणि वर नितळ पाणी उरतं. मी सत्तावीस वर्षं गुरं राखली म्हणा ना, फक्त ती बघायला सूक्ष्मदर्शक लागायचा.

रोज सकाळी त्या टाकीतलं एक लिटर पाणी काचेच्या उभ्या नळकांड्यात घ्यायचं आणि अर्धा तास बघत बसायचं, ही आमची नाडीपरीक्षा. माणसाचा समाज कसा घडला यावर माझ्या मुलीने एमएला जाडजूड पुस्तकं वाचली. मी तो त्या नळकांड्यात बघितला. खायला उदंड मिळालं की जंतू सुटे सुटे पोहतात, कुणी कुणाला विचारत नाही आणि पाणी गढूळच राहतं. बेताचं मिळालं की एकमेकांना धरून राहतात आणि शहाण्यासारखे खाली बसतात. काहीच मिळालं नाही की एकमेकांना खायला लागतात. मुलीला हे सांगितलं तर म्हणाली, “आई, इतकं सोपं नसतं गं.” नसेल बाई. पण इथल्या जमिनींना भाव आला तेव्हा एका ताटात जेवणारे भाऊ कसे सुटे सुटे पोहायला लागले, ते मी मागच्या भिंतीवरून बघितलंय.

कंपनी बंद असली की घाण येत नाही, म्हणजे जंतूंना उपास. सणासुदीला सगळ्या पट्ट्याला सुट्टी असते, तेव्हा त्यांची सोय कोण करणार? त्यासाठी गूळ आणि शेणकाला. गूळ त्यांना खायला, आणि शेणातून नवे जंतू भरतीला. गूळ कँटीनमधून मिळायचा. शेणाची मी परचेसकडे रीतसर मागणी पाठवली.

परचेसचे शेळके म्हणजे नियमाचा माणूस. तीन कोटेशन हवीत, पुरवठादाराची नोंदणी हवी, मालासोबत गुणवत्तेचा दाखला हवा. त्यांनी फोन करून विचारलं, “मॅडम, शेण कुठल्या ग्रेडचं?”

“ताजं.”

“ताजं असा ग्रेड सिस्टीममध्ये नाही.”

“मग शिळं आहे का बघा.”

त्यांनी खरंच बघितलं. की-बोर्डचा आवाज मला फोनवर ऐकू येत होता. शेळक्यांच्या स्वतःच्या घरी दोन म्हशी होत्या, हे मला नंतर कळलं.

शेवटी मी बादली घेतली आणि मागच्या फाटकातून बाहेर पडले. भिंतीपलीकडे आक्कांचं घर. जमीन कंपन्यांना गेल्यावर त्यांच्याकडे उरलं होतं अर्धा एकर रान, तीन म्हशी, एक विहीर आणि भाड्याने दिलेल्या दहा खोल्यांची चाळ. खोल्यांमध्ये राहायची आमच्याच पेंटशॉपची कंत्राटी माणसं, बायकापोरांसकट. आक्का गोठ्यात होत्या. म्हणाल्या, “तुजी ती टाकी हाय ना, तितं आमची बाजरी व्हायाची.” मग नाव विचारलं. सांगितलं. आडनाव विचारलं. तेही सांगितलं. त्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी बादली घेऊन परत फिरायच्या तयारीत होते, तोच म्हणाल्या, “शेन किती पायजे?”

त्यानंतर चहा आला. घरातल्या सगळ्यांना होता तसल्याच कपात. मी कप निरखून बघितला, आणि मी निरखलं हे त्यांनी बघितलं.

मग आमचा व्यवहार बसला. आक्कांकडून शेण यायचं, आणि माझ्याकडचं साफ झालेलं पाणी भिंतीवरून एका पाइपने त्यांच्या झेंडूला जायचं. कुठे सही नाही, शिक्का नाही. भिंतीच्या आत कंपनीची अख्खी सिस्टीम चालू होती आणि भिंतीवरून हा सगळ्यात जुना बाजार. शेळक्यांना सुगावा लागला असता तर त्यांनी दोन्हीला कोड दिले असते. कधी कधी आक्का भिंतीपलीकडून ओरडायच्या, “आज वास येतोय गं, काय खाल्लं तुज्या टाकीनं?” आणि त्यांचं नाक माझ्या प्रयोगशाळेपेक्षा एक दिवस पुढे असायचं. त्यांची विहीर नाल्यापासून बारा पावलांवर होती. नाल्याला पाणी आलं की विहिरीला पाझर फुटतो, हे त्या मोठ्या कौतुकाने सांगायच्या. माझ्या ते लक्षात होतं. लक्षात नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

आता खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असते हे सगळ्यांना माहीत आहे. पूजेआधी प्रत्येक यंत्राला अंघोळ घालतात, आणि ते अंघोळीचं पाणी कुठे जातं याचा विचार कुणी करत नाही. ते माझ्याकडे यायचं. तेल, ग्रीस, साबण, हळदकुंकू, आणि जाळीला अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या. म्हणून मी आधीचा आठवडाभर सगळीकडे नोटीस लावायचे: धुण्यासाठी फक्त पाणी आणि साधा साबण वापरावा. नोटिशीला लोक हारसुद्धा घालायचे.

नोकरीची आठ वर्षं उरली होती, त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की सगळ्यात सुंदर सजवलेल्या खात्याला ढाल द्यायची. पेंटशॉपला नवे मॅनेजर आले होते, सज्जन आणि उत्साही. त्यांनी बघितलं की जमिनीवर वर्षानुवर्षांच्या रंगाचे थर आहेत. रंग उतरवायचं जहाल रसायन त्यांनी पिंपाने ओतून जमीन आरशासारखी केली. शिवाय ज्या टाकीत लोखंडावरचं तेल धुऊन काढतात तीही रिकामी केली, कारण पूजेला जुनं पाणी नको. सगळं गटारातून माझ्याकडे. भक्तिभावाने केलं, हे मला मान्य आहे. ढालही त्यांनाच मिळाली.

मी चारच्या बसने घरी गेले होते. दुसऱ्या दिवशी दसरा, आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरी साडी, विहारात वंदना, खिरीची वाटणी माझ्याकडे. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आले तर टाकीवर कमरेइतका फेस. सूक्ष्मदर्शक लावला. एरवी तिथे घंटेच्या आकाराचे जीव दिसतात, देठावर माना डोलावत असतात. ते डोलत असले की समजायचं, टाकी सुखात आहे. त्या दिवशी एक मान हलत नव्हती. मी काच बदलून बदलून बघितली.

टाकी मेली होती, आणि कंपनी पूर्ण जोरात सुरू झाली होती. घाण पाणी साठवायची जागा संध्याकाळपर्यंत भरणार होती. मी प्लांटच्या मुख्य साहेबांकडे गेले आणि पेंटशॉप चार दिवस बंद ठेवा म्हणाले.

“बसा मॅडम. चहा सांगतो.”

“चहा नको. पेंटशॉप बंद करा.”

“अशक्य आहे. आपला माल गेला नाही तर समोरच्या कंपनीची लाइन थांबेल.”

“मग टँकरने पाणी दुसऱ्या प्लांटला पाठवा.”

“परवानगीला आठवडा जाईल. मॅडम, तुमचा तो लाल व्हॉल्व्ह आहे ना? दोनच दिवस. पाऊस चांगला झालाय. नदी मोठी आहे.”

लाल व्हॉल्व्ह उघडला की पाणी टाकीत न जाता थेट नाल्यात जातं. त्याला कुलूप असतं आणि किल्ली माझ्याकडे होती. या पट्ट्यात नाल्याकाठी कंपन्या किती आहेत मला माहीत नाही. पण नदी मोठी आहे हे प्रत्येकीला माहीत आहे.

मला कुणी धमकावलं नाही. धमकावलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडखोर बाई आहे, टेबलावर हात आपटून आले असते. त्यांनी खुर्ची दिली. कपबशीत चहा दिला. ‘तुमच्याइतका अनुभव इथे कुणाला नाही, निर्णय तुम्हीच घ्या,’ असं म्हणाले. आमच्या घराण्याकडे मानाने काही मागायची कुणाला सवय नव्हती, आणि मानाने मागितल्यावर नाही कसं म्हणायचं याची आम्हाला नव्हती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. घडलं ते असं घडलं.

चार वाजता मी व्हॉल्व्ह फिरवला. गंजला होता, दोन्ही हात लावावे लागले. रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘सर्व सामान्य’. अक्षर छान आलंय. मी नंतर बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी परत जिवंत करायची तर शेण लागणार होतं, रोजच्यापेक्षा बरंच. आणि शेण आक्कांकडे.

“तीन पाट्या?” आक्का म्हणाल्या. “टाकीत पाव्हनं आल्यात का काय?”

मी हसल्यासारखं केलं. त्यांनी पाट्या भरून दिल्या आणि आत जाऊन चहा आणला. एक कप माझ्यासमोर, एक त्यांच्या हातात. पलीकडे चाळीतल्या बाया विहिरीवरून हंडे भरत होत्या. रात्रीतून पाझर तिथवर पोचला असेल की नाही, मला माहीत नव्हतं. कप मी उचलला नाही.

“ऊन हाय तवर घे.”

“नको आज, आक्का.”

“साकर बंद केली व्हय डाक्टरनं?”

“नाही हो. नको.”

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या कपाकडे. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरचा चहा एकदाही नाकारला नव्हता. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “का गं? आमच्या घरचं पानी चालत न्हाई व्हय तुला?”

हा प्रश्न आमच्या सात पिढ्यांत आमच्या माणसाला कुणी विचारला नसेल. मी रडणारी बाई नाही, पण मला रडू फुटलं. सांडपाण्यात काय काय असतं याची नावं मला तोंडपाठ आहेत. त्यातलं एकही आठवलं नाही. तोंडात आजीच्या गावचाच शब्द आला. म्हटलं, “आक्का, पाणी बाटलंय. मीच बाटवलं. काल नाल्यात सोडलं.”

आक्कांनी तोंडातला घोट थुंकला. कप अंगणात भिरकावला आणि विहिरीकडे धावत सुटल्या. “पानी काडू नगा! वता त्ये, वता!” दहाही घरांतल्या बाया बाहेर आल्या. त्या हंडे ओतत होत्या आणि मी अंगणात शेणाच्या पाट्यांपाशी उभी होते. आक्का परत आल्या. धापा टाकत म्हणाल्या, “बारकी बारकी पोरं पित्यात गं हितलं.” मला वाटलं आता तोंडात मारतील. मारायला हवं होतं. त्या म्हणाल्या, “शेन घे.”

“आक्का...”

“घे म्हनते ना! ती टाकी जगली न्हाई तर रोज ह्येच येनार न्हवं का आमच्याकडं?”

मी पाट्या डोक्यावर घेऊन परत गेले. आधी व्हॉल्व्ह बंद केला, कुलूप घातलं, मग टाकीत शेण आणि गूळ कालवला, आणि मग साहेबांना जाऊन सांगितलं की किल्ली माझ्याकडे आहे आणि राहील. साहेब काही बोलायच्या आत सिक्युरिटीचा फोन आला. आक्का आणि चाळीतल्या सगळ्या बाया रिकामे हंडे घेऊन गेटात आडव्या बसल्या होत्या. पेंटशॉपची दुसरी शिफ्ट म्हणजे त्यांचेच नवरे. बायकोला ओलांडून आत जायची एकाचीही छाती झाली नाही. चार दिवस बंद ठेवणं अशक्य होतं ते पेंटशॉप सहा दिवस बंद राहिलं. समोरच्या कंपनीची लाइन थांबली की नाही कोण जाणे, आम्हाला तरी कुणी कळवलं नाही.

दुपारी विहिरीत पांढरा फेस दिसला. मी वेळेवर बोलले असं काही जण अजून म्हणतात. वेळेवर म्हणजे आदल्या दिवशी चारच्या आधी. त्या रात्रीचं पाणी पोरांच्या पोटात गेलं होतं की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही. कुणी आजारी पडलं नाही, एवढंच सांगता येतं. विहीर तीन वेळा उपसली, तोवर कंपनीने टँकर दिले. रजिस्टरमधलं ‘सर्व सामान्य’ मी खोडलं आणि खरं काय झालं ते लिहून खाली सही केली. ‘नोंदवहीत अनावश्यक तपशील लिहिल्याबद्दल’ मला मेमो मिळाला. काढून टाकलं नाही, कारण माझ्या जागेवर यायला कुणी तयार नव्हतं.

तपासणीत पाणी चांगलं आलं तेव्हा मी अहवाल घेऊन आक्कांकडे गेले. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि परत दिला. म्हणाल्या, “ह्ये ऱ्हाऊ दे. तू रोज सकाळी यायचं. हिरीवर. आधी तू प्यायचं, मंग आमी भरनार.”

मी त्यांना समजावलं. बीएस्सी झालेली बाई, समजावणारच. म्हटलं, “आक्का, याला शास्त्रात काही अर्थ नाही. काही विषं अशी असतात की चवीला कळत नाहीत, घोटभर प्यायल्याने काही होतही नाही. पिऊन पाण्याची परीक्षा होत नसते.”

“पान्याची परीक्षा कुनाला घ्यायचीय?” आक्का म्हणाल्या. “तुजी घ्यायचीय.”

तेव्हापासून कामाच्या दिवशी सकाळी मी आधी विहिरीवर जायचे. बाया हंडे घेऊन उभ्या असायच्या. मी विहिरीची पायरी चढायचे, आक्का तांब्या द्यायच्या, मी सगळ्यांच्या देखत प्यायचे. मग हंडे पुढे यायचे. आजी पाणी घ्यायला लांब उभी राहायची, आणि इथे मी प्याल्याशिवाय कुणी थेंब घेत नव्हतं. हे वडिलांना सांगायचं राहून गेलं. ते आदल्याच वर्षी वारले. आणि सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्या आठ वर्षांत लाल व्हॉल्व्ह एकदाही उघडला नाही. मी फार सुधारले असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या तोंडाला लावायचा असला की माणूस व्हॉल्व्हला हात लावत नाही, इतकं साधं आहे ते.

तर पर्यावरणाच्या सेवेबद्दलची माझी हरकत ती ही.

आता माझ्या जागी एक हुशार इंजिनियर आलाय. त्याच्याकडे मीटर आहे, पाण्याची सगळी माहिती आपोआप मोबाइलवर येते. जाताना मी त्याला विहिरीचं सांगितलं. तो अदबीने हसला आणि म्हणाला, “मॅडम, आता त्याची गरज नाही.” मीटर चांगला आहे, मी बघितलाय.

निवृत्तीनंतरची पहिली खंडेनवमी झाली. दसरा झाला, विहारातली खीर वाटून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आक्कांचा फोन. आता कानाने कमी ऐकतात, म्हणून ओरडून बोलतात.

“कुटं हायस?”

“घरी. आक्का, मी रिटायर झाले ना!”

“त्ये ठावं हाय मला. बाया खोळंबल्यात. रोजचं सोड, पन परवा कंपनीनं मशिनी धुतल्यात.”

“अहो, तो नवीन मुलगा आहे ना तिथे. त्याच्याकडे मीटर आहे.”

“मीटर पितो व्हय पानी?” आक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी साडी बदलली आणि बस पकडली. निघोज्याला पोचायला नऊ वाजले. विहिरीवर दहा घरांचे हंडे रिकामे मांडून ठेवले होते. मी पायरी चढले. आक्कांनी तांब्या भरून पुढे केला.